आधी त्यांचा रवंथ, मग आपला चहा

आमच्या साहेबांना भोर तालुक्यात नावानं कुणी ओळखत नव्हतं. ‘रवंथ साहेब’ म्हटलं की एसटीचा कंडक्टरसुद्धा गुरांच्या दवाखान्याकडे बोट दाखवायचा. मी तिथं ड्रेसर होतो. सरकारी कागदात माझ्या हुद्द्याला ‘व्रणोपचारक’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो उच्चारेपर्यंत जखम भरून यायची, म्हणून त्याच्या नादी कुणी लागत नसे.

पहिले सहा महिने मला हा माणूस अजिबात आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या आधीचे डॉक्टर फटफटी चालू ठेवूनच सुई टोचायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. त्यांच्याबरोबर मी चारच्या आत घरी असायचो. हे साहेब आले ते एक पत्र्याची बादली घेऊन. औषधं, सुया, दोरखंड सगळं त्या बादलीत. गोठ्यात शिरलं की सामान बाहेर काढायचं, बादली पालथी घालायची आणि तिच्यावर जनावरासमोर बसायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. अर्धा तास, कधी तास. घरातली बाई चहा घेऊन आली की साहेब मान न वळवता म्हणायचे, “आधी त्यांचा रवंथ, मग आपला चहा.” त्यांचा म्हणजे बैलाचा. आता साहेबांनी कप उचलला नाही तर ड्रेसरनं कसा उचलायचा? त्या वर्षात मी जेवढा गार चहा प्यालो तेवढा भोरमध्ये कुणी प्याला नसेल.

साहेब तिथं बसून काय करायचे, तर मोजायचे. बैल निवांत बसला की पोटातला घास वर आणतो. गळ्यापाशी एक गाठ वर सरकताना दिसते. मग तो घास चावतो, गिळतो, दुसरा वर आणतो. धडधाकट बैल एका घासाला पन्नासच्या वर चावतो. दुखत असेल तर तीस, वीस, आणि फारच दुखत असेल तर रवंथच बंद. हे सगळं साहेब बोटांच्या पेरांवर मोजायचे. मालक सांगायचा, खातोय, पितोय, कण्हत नाही, मग दुखतंय कुठं? साहेब म्हणायचे, बैल दुखणं लपवतो, रवंथ लपवता येत नाही त्याला.

जनावरांशी ते अहो-जाहोनं बोलायचे. “जरा सरकता का? पाय उचला. झालं हं, झालं.” वेल्ह्याचा चार्जही त्यांच्याकडेच होता. तिथं एका म्हाताऱ्यानं हे ऐकून डोकं खाजवलं आणि विचारलं, सायेब, तुमी माज्या म्हशीला अहो म्हनता, मग मी घरी तिला काय म्हनू? साहेबांनी गंभीरपणे सांगितलं, तुमचं घरचं नातं आहे, तुम्ही काहीही म्हणा. मी मात्र पाहुणा आहे.

स्वतःचं जेवणही त्यांचं रवंथाच्याच चालीनं चालायचं. डबा उघडला की तास गेला. एकदा मी वैतागून एका घासाला ते किती वेळा चावतात ते मोजलं. बत्तीस भरले. मी मनात म्हटलं, साहेबांचंही कुठंतरी दुखत असणार. ते असे का झाले याच्या भोरच्या बाजारात चार कथा होत्या. कुणी म्हणे वडील कॅन्सरनं तळमळून गेले, कुणी म्हणे बायको गेली. मी कधी विचारलं नाही. माणसाला नीट वागायला कारण लागतंच असं थोडंच आहे?

त्यांच्यावर जिल्ह्याचे एक मोठे साहेब भयंकर तापले होते, ती गंमत सांगतो. दवाखान्याच्या रजिस्टरात ‘मालकाची तक्रार’ असा एक रकाना असतो. आमच्या साहेबांनी त्याच्या शेजारी लाल पेन्सिलीनं रेघ मारून नवा रकाना पाडला होता आणि वर लिहिलं होतं, ‘जनावराचं म्हणणं’. मालकाची तक्रार : दूध आटलं. जनावराचं म्हणणं : डाव्या सडात ठणका, रवंथ सव्वीस. तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर आपटलं आणि विचारलं, हा रकाना कुठल्या शासन निर्णयात बसतो? आमचे साहेब शांतपणे म्हणाले, कुठल्याच नाही, म्हणून तर पेन्सिलीनं पाडलाय. तो रकाना खोडायचं काम माझ्याकडे आलं. मी खोडला. दुसऱ्या दिवशी तो परत तिथंच होता.

सारोळ्याला हायवेवर एक पंक्चरवाला होता. त्याच्या म्हाताऱ्या कुत्रीला पोटाखाली गाठी झाल्या होत्या आणि कापण्यापलीकडे गेल्या होत्या. साहेबांनी आधी तिची जागा बदलली. ती गार सिमेंटवर पडायची, तिथं पोती अंथरायला लावली, पाण्याचं भांडं तोंडाशी आणलं. मग भाकरीच्या तुकड्यातून द्यायच्या गोळ्या दिल्या. पंक्चरवाल्यानं विचारलं, हिला कुठं रवंथ असतो, हिचं कसं कळायचं? साहेब म्हणाले, ट्रक थांबला की ती उठून भुंकते का बघ. भुंकली की चाललंय म्हणायचं. त्यानंतर आम्ही हायवेच्या पुलावरून जाताना पंक्चरवाला लांबूनच हात वर करायचा. भुंकतेय, असा त्याचा अर्थ. चार महिने तो हात वर होत होता.

मी साहेबांच्या बाजूचा झालो ते एका सुरीमुळे. आम्ही मुलाणी. आमच्या घरात बकरं कापायची सुरी आजोबांकडून चालत आली. मीच एक असा निघालो की पट्ट्या बांधत बसलो. एकदा वाटेत साहेबांनी सहज विचारलं, आजोबा सुरी कशी लावायचे? मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी टोचून बोलणार. मी जरा ताठूनच सांगितलं, की आजोबांचे दोन नियम होते. सुरी इतकी लागलेली पाहिजे की जनावराला कळूच नये, आणि सुरी जनावरासमोर लावायची नाही, कारण त्याला आवाज कळतो. साहेब चालता चालता थांबले. म्हणाले, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नाही. त्या दिवसापासून आमची प्रत्येक सुई घराच्या मागं भरली जायची आणि करवत फडक्यात गुंडाळून आणली जायची. कुणी विचारलं तर साहेब सांगायचे, हा ह्यांच्या आजोबांचा नियम आहे. माझे आजोबा सरकारी दवाखान्यात असे पोचले.

आता हिर्डोशीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय बाकी सगळं सांगून उपयोग नाही.

हौसाआक्का हिर्डोशीची. नवरा मागंच गेलेला, मुलगा पुण्यात कंपनीत. घरात ती आणि दोन बैल. त्यातला हरण्या तिच्या हातावर वाढलेला, कारण त्याची आई तो चार दिवसांचा असताना गेली होती. आषाढ होता, भातखाचरात चिखलणी चालू होती. हरण्या डोकं एका बाजूला कलतं धरायला लागला, खुंटाला शिंग घासायला लागला, एका नाकपुडीतून रक्त यायला लागलं. गावानं सांगितलं शिंगाला कीड लागली. आम्ही गेलो. साहेब बादलीवर बसले, चौदा मोजले आणि उठले. शिंगाचं बूड हातानं दाबलं तर मऊ आणि गरम लागलं. शिंगाचा कॅन्सर. शिंग काढावं लागेल, पण त्याला लागणारं सामान बरोबर नव्हतं. गुरुवारी येतो म्हणाले आणि तोवर दुखणं थांबायची सुई दिली. औत अजिबात जुंपायचं नाही, हे ते सांगणारच होते. तासभर सुईचा गुण बघत बसले आणि एसटीची वेळ झाली तसे आधी हात धुवायला ओढ्यावर गेले.

सुई लागू पडली होती. हरण्यानं डोकं सरळ केलं आणि रवंथ सुरू केला. हौसाआक्काचे डोळे भरले. ती मला म्हणाली, मुलाणीदादा, बरा झाला का ओ माजा हरण्या? मी सामान बादलीत भरत होतो. परतीची एसटी पाच मिनिटांवर होती. ती चुकली तर पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी. मी म्हटलं, व्हय आक्का, झाला बघा बरा. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. साहेबांना मी ओढ्यावरूनच रस्त्याला नेलं आणि म्हटलं, आक्काला सगळं नीट सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती निरोप आला. हरण्याला सकाळी चिखलणीला जुंपलं होतं. बरा झालाय म्हटल्यावर कोण बसवून ठेवील, भाताच्या रोपांचं आवण वाळून चाललं होतं. चिखलातून पाय उपसताना त्यानं मान जोरात वर घेतली, शिंग जूवर आदळलं आणि बुडातून अर्धं मोडलं.

आम्ही पोचलो तेव्हा हरण्या अंगणात उभा होता. शिंग लोंबत होतं आणि रक्त डोळ्यावरून खाली येत होतं. गाव जमलं होतं. कुणीतरी म्हणालं, आता बाजार दाखवा ह्याला, हाल कशाला करता. हौसाआक्का त्याच्या मानेला हात लावून उभी होती. साहेबांनी एकच विचारलं, “बरा झाला असं कुणी सांगितलं?”

हौसाआक्कानं माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, “कुनी न्हाई सायेब. मलाच वाटलं. चूक माजी हाय.”

मला आजही ते आठवलं की तोंडाची चव जाते. त्या बाईचा बैल माझ्यामुळं तसा उभा होता आणि ती मला पाठीशी घालत होती. मी म्हटलं, साहेब, मी सांगितलं. मला एसटी गाठायची होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण ते म्हणाले, “मग ते खरं होईपर्यंत तुम्ही इथंच राहायचं.”

आधी शिंग. हरण्याला पेंढ्यावर आडवा घेतला. सुई घरामागं भरली. डोळ्याच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडापर्यंत हाडाची एक कड जाते, तिच्याखाली साहेबांनी भूल दिली आणि बादलीवर जाऊन बसले. लोक चुळबुळ करायला लागले. करा की आता, रक्त वाहतंय. साहेब जागचे हलले नाहीत. वाहू दे, म्हणाले, बोट दाबून धरलंय ह्यांनी. भूल चढल्याशिवाय करवत लागायची नाही. बोट माझं होतं. मग त्यांनी सुईच्या टोकानं शिंगाभोवती टोचून पाहिलं, एकदा, दोनदा, आणि तारेची करवत फडक्यातून काढली. शिंग निघेपर्यंत हरण्यानं एकदाच कान हलवला, तोही माशी उडवायला.

पट्टी मी बांधली. भूल उतरायच्या आतच साहेबांनी दुखण्याची सुई दिली आणि मला समजावलं, की दुखणं जागं झाल्यावर त्याच्या मागं धावायचं नाही, ते उठायच्या आधी आपण उठायचं. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळेला, बैल बरा दिसला तरी. मग डायरीत लिहिलं, ‘व्रणोपचारक हिर्डोशी मुक्कामी, रवंथ मोजणी’, आणि बादली माझ्याजवळ ठेवून एकटेच एसटीत बसले.

आठ दिवस मी त्या बादलीवर बसलो. पहिल्या दिवशी सोळा. दुसऱ्या दिवशी तेरा. हौसाआक्का शेजारी येऊन बसली आणि तीही मोजायला लागली. तिची मोजणी जुनी, विसाविसांची. वीस झाले की एक नाचणीचा दाणा बाजूला ठेवायची. सुईची वेळ कशी लक्षात ठेवायची यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, सकाळची एसटी आली की एक आणि संध्याकाळची आली की दुसरी. ती इतकी हसली की पदर तोंडाला लावला. म्हणाली, यष्टीच्या भरवशावर बैल ठिवू व्हय? शाळा भरली की एक, गुरं घरी आली की दुसरी. तसंच ठरलं. चहाचं तिनं कधी नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

पाचव्या दिवशी दोन दाणे बाजूला पडले. आठव्या दिवशी साहेब आले, उभ्यानंच लांबून बघत राहिले. हौसाआक्का मोठ्यानं मोजत होती. तिसरा घास, दोन विसा न अकरा. साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, “आक्का, चहा टाका.” त्या घरात मी आठ दिवसांनी चहा प्यालो, आणि तो गरम होता.

हरण्या एका शिंगाचा होऊन राहिला. औताला पुन्हा जुंपला नाही. आक्काच्या मागं मागं फिरायचा, शाळेच्या पोरांकडून कान खाजवून घ्यायचा. हिर्डोशीतल्या बायका त्या पावसाळ्यापासून आपापल्या गोठ्यात मोजायला लागल्या. दवाखान्यात निरोप यायचे ते असे, की आमची गाय एक विसावर आलीय, लवकर या. आणि खरंच, तिकडची जनावरं आमच्याकडे वेळेवर यायला लागली. शिंगं मोडायच्या आत यायला लागली.

तिसऱ्या वर्षी गाठ परत आली, त्याच जागी, कपाळाच्या हाडात शिरून. साहेब गेले, बसले, बावीस मोजले. ह्या वेळी कापता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. गावानं पुन्हा बाजाराचं नाव काढलं. हौसाआक्का साहेबांपुढं उभी राहिली.

“सायेब, त्याला तरास व्हनार आसंल तर आत्ताच सांगा. मी काळीज दगडाचं करीन. पर इकायचा न्हाई. त्यानं माज्या दारात डोळं मिटावं.”

“कॅन्सर माझ्या हातात नाही, आक्का,” साहेब म्हणाले. “दुखणं आहे. तुम्ही मोजत राहा. दोन विसांच्या खाली आलं की मुलाण्यांना निरोप द्या, औषध वाढवू. ज्या दिवशी औषधानंही वर येणार नाही त्या दिवशी मी येऊन त्यांना झोपवीन. त्याच्या आधी नाही, आणि त्याच्यानंतर एक दिवसही नाही.”

आणि महिन्याभरात साहेबांची बदली झाली, पार विदर्भाच्या टोकाला. बादली त्यांची स्वतःची, पण मधल्या काळात ती ऑफिसच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सरकारी सामानाच्या यादीत, चढली होती, त्यामुळं ती त्यांना नेता आली नाही. निघताना त्यांनी माझ्या हातात एक फोन नंबर दिला आणि म्हणाले, हिर्डोशीचं तेवढं बघा. शब्द त्यांनी दिला होता आणि पाळायचा मला होता. नवे डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, औषध लिहून दिलं आणि म्हणाले, झोपवायची वेळ आली तर एका निरोपावर येईन. मी दर चार दिवसांनी बादली घेऊन हिर्डोशीची एसटी पकडायचो. त्या मार्गावरचे कंडक्टर मला बादलीचं तिकीट काढ म्हणून चिडवायचे.

दोन दाण्यांच्या खाली हरण्या तीनदा आला. तिन्ही वेळा औषध वाढवलं, तिन्ही वेळा तो वर चढला. गाठ वाढत होती, अंग उतरत होतं, एक डोळा बंद झाला होता, पण तो उन्हात बसून चावायचा. बघणाऱ्यानं फक्त तोंड बघितलं असतं तर त्याला काही झालंय असं वाटलं नसतं.

कार्तिकात एक दिवस सकाळच्या एसटीनं मी पोचलो. हौसाआक्का गोठ्याच्या दारात बसली होती. हरण्या पेंढ्यावर होता, मान पुढं टाकलेली. मला कळलं. मी बादली पालथी घातली आणि तिच्याजवळ बसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

ती म्हणाली, “शाळा भरली तवा औषद दिलं. मग घास काडला त्यानं. दोन विसा न बारा झालं, गिळला, आन् मान ठिवली. दुसऱ्याची वाट बघत बसले मी. आला न्हाई.” तिच्या पुढ्यात जमिनीवर नाचणीचे दोन दाणे तसेच होते.

मला रडू आलं. लपवायचं काही कारण नव्हतं, मी रडलो. तीच उठली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्याचा झालाय दादा रवंथ. मी चा टाकते.”

संध्याकाळी भोरला उतरलो तो थेट एसटीडी बूथवर गेलो. नंबर चार वेळा लागला नाही, पाचव्यांदा लागला. मी नाव सांगितलं, हिर्डोशी म्हटलं. पलीकडून साहेबांनी एवढंच विचारलं, “किती?”

“दोन विसा न बारा, साहेब. शेवटच्या घासाला.”

बूथवाला मीटरकडे बोट दाखवत होता. मग साहेब म्हणाले, “तुम्ही चहा घेतलात?”

“घेतला. आक्कानंच केला.”

“बरं,” साहेब म्हणाले, “मग मीही घेतो.”